नोराचं कुणाशी जमणार?

मार्लिस ओस्टबीने एका शनिवारी भर बैठकीत जाहीर केलं, की यापुढे या खोलीत कोलचं नाव कुणी काढायचं नाही. कोल नावाचा माणूस अस्तित्वात नाही, हे आधीच सांगून ठेवते. तो 'लँटर्न रीफ' या टीव्ही मालिकेतला बोटीवरचा मेकॅनिक. जो मुळात नाहीच, त्याचं नाव घ्यायला बंदी! आणि आम्ही सात जाणती माणसं, त्यातल्या तिघांचे गुडघे बदललेले, खाली माना घालून "बरं" म्हणालो.

मी अर्डिस किव्हेला. डुलुथच्या वर्तमानपत्रात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या चुका शोधायचा मला पगार मिळत होता, आणि तो बंद झाल्यावरही ती सवय गेली नाही. 'लँटर्न रीफ' मी पहिल्यांदा पाहिली ती नावं ठेवण्यासाठीच. मोठ्या सरोवराच्या काठावर एक बचाव केंद्र, त्याची कॅप्टन नोरा, आणि तिच्यामागे दोन पुरुष: एक डॉक्टर टोबायस, दुसरा हा कोल. पाच वर्षं ती बाई बुडणारी माणसं वर काढत होती आणि त्या दोघांपैकी एकालाही होकार देत नव्हती. दुसरं वर्ष संपेपर्यंत मी चांगलीच अडकले होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गटात जाताना मात्र चेहरा असा ठेवायची, की मी फक्त गंमत पाहायला आले आहे.

गट भरायचा दर शनिवारी अकरा वाजता, सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीत. खोली मार्लिसच्या नावावर राखलेली असे, आणि तेवढ्या भांडवलावर ती गटाची राणी होती. ती हायस्कूलची निवृत्त उपमुख्याध्यापिका. निवृत्ती तिच्या पगाराला मिळाली होती, आवाजाला नाही.

बैठकीत काय चालायचं, तर नोराचं कुणाशी जमणार. मार्लिस डॉक्टरच्या बाजूची. कोलच्या बाजूने उघड बोलणारा एकटा गॉर्डन स्टूवी, शहर बसचा निवृत्त ड्रायव्हर. तो मुख्यतः फराळासाठी यायचा, पण कोलवर त्याचा जीव होता. गाड्यांच्या खाली आडवं झालेल्या माणसाचं दुःख त्याला कळत होतं.

"कोलने तिच्या खांद्यावर कोट टाकला, तेव्हा तिने मान वळवून बघितलं," गॉर्डन म्हणे.

"थंडी वाजत होती तिला. थंडीत माणूस मान वळवतो," मार्लिस म्हणे.

"मी सत्तर वर्षं डुलुथमध्ये काढली, बाई. थंडीत मान आत घेतात. वळवतात ती दुसऱ्याच कारणाने."

"आणि टोबायसची नजर? ती दिसत नाही तुला?"

"दिसते की. तो थर्मामीटरकडेही तसाच बघतो."

अशा गोष्टींवर तास तास जायचे. डोळ्यांत पाणी यायचं. एकदा एका बाईने दुसरीला "तू नोराला ओळखतच नाहीस" असं म्हटलं आणि दोघी तीन आठवडे एकमेकींशी बोलल्या नाहीत. स्वतःच्या सख्ख्या बहिणीचा वाढदिवस विसरणारी ही माणसं, नोराने चौथ्या भागात कुठल्या रंगाचे हातमोजे घातले होते हे झोपेतून उठवलं तरी सांगत.

शिवाय आमच्यात लिहिणं चालायचं. मालिकावाले जे दाखवत नाहीत ते चाहते आपल्या मनाने लिहितात, आणि त्यासाठी असलेल्या एका संकेतस्थळावर टाकतात. मार्लिसची अशी एक कादंबरी चालू होती. 'किनाऱ्याची शपथ' तिचं नाव. चौऱ्याण्णव प्रकरणं झाली होती आणि शपथ अजून कुणी घेतली नव्हती. एकसष्टाव्या प्रकरणात डॉक्टर पहिल्यांदा नोराचा हात हातात घेतो, आणि तोसुद्धा नाडी बघायला. तिची पात्रं एकमेकांशी पालकसभेत बोलावं तशी बोलत. "नोरा, गेल्या काही महिन्यांत तुझ्या वर्तनात मला समाधानकारक बदल जाणवतो." हे वाक्य डॉक्टर चांदण्यात म्हणतो. दर गुरुवारी ती मला नवं प्रकरण पाठवायची, विरामचिन्हं बघायला. मी बघायची. कचऱ्याचा डबा पुसून ठेवावा, तसं ते काम होतं.

आता रोंडाबद्दल. रोंडा पेल्की चाळिशीतली, पुलापलीकडे सुपीरियर गावी एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. शाळेत असताना ती मार्लिसच्या हाताखालून गेली होती आणि अजूनही तिला 'मिसेस ओस्टबी' म्हणायची. मार्लिसही तिला वर्गात उभं करावं तशी बोलायची. "हं, रोंडा, तुझं मत? थोडक्यात." रोंडाचं मत नेहमीच थोडक्यात असे, कारण तिसऱ्या शब्दाला मार्लिस तिला खाली बसवायची. ती दर वेळी लिंबाच्या वड्यांचा पत्र्याचा डबा आणायची. तो डबा सगळ्यांना ठाऊक होता. रोंडा फारशी कुणाला ठाऊक नव्हती.

नोव्हेंबरात एका शनिवारी बैठक सुटल्यावर तिने मला ग्रंथालयाच्या वाहनतळावर गाठलं आणि एक पाकीट पुढे केलं.

"अर्डिस, तुम्ही मिसेस ओस्टबींचं तपासता ना? हे एक बघाल? छोटंसं आहे. अकराच पानं."

"कोणाचं?"

"माझंच. पण त्यात... तो आहे." इकडेतिकडे बघून तिने आवाज खाली आणला. "कोल."

घरी येऊन दुपारचं सूप गरम केलं आणि पानं समोर ठेवली. गोष्ट अशी होती. शुक्रवार. चर्चच्या तळघरात मासळीचं जेवण. नोरा आणि कोल बोट धक्क्याला लावून सरळ तिथे आलेत, रांगेत ताटल्या घेऊन उभे आहेत. कोलने हात घासून घासून धुतलेत, तरी 'नखांत इंजिन राहिलंच होतं', म्हणून तो बोटं ताटलीखाली लपवतो. नोराला कोलस्लॉ आवडत नाही, कोबीची ती पांढरी आंबटगोड कोशिंबीर. ती न विचारता आपला वाटा त्याच्या ताटलीत लोटते, आणि तो न बोलता खातो. वाढणाऱ्या म्हाताऱ्या बाईला वाटतं, यांच्या लग्नाला दहा वर्षं तरी झाली असणार. ती दोघांत मिळून एकच सॉसची बाटली देते. कुणी तिची चूक सुधारत नाही. संपली गोष्ट.

मी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. सूप गार झालं. मालिकावाल्यांना पाच वर्षांत जे साधलं नव्हतं ते या बाईने कोबीच्या एका चमच्यात करून दाखवलं होतं.

पुढच्या शनिवारी मी पानं परत केली.

"दोन स्वल्पविराम जास्त आहेत," मी म्हणाले. "खुणा केल्यात."

"बरं. आणि?"

"चौथ्या पानावर नवा परिच्छेद कर."

"आणि... गोष्ट?"

"तेवढंच," मी म्हणाले.

ती "थँक्यू" म्हणून गेली. माझा आयुष्यभराचा हिशेब असा, की ज्याच्यात चूक नाही त्याला काही म्हणायचं नाही. गप्प बसणं हीच शाबासकी. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून गेलेल्या एकाही बातमीदाराला मी 'छान' म्हणाले नव्हते, आणि त्याचा मला अभिमान होता. मूर्खपणाचे अभिमान असेच असतात, फार दिवस टिकतात.

रोंडाने गोष्ट टोपणनावाने त्या संकेतस्थळावर टाकली. महिन्याभरात अकराशे लोकांनी वाचली. मार्लिसच्या शपथेचे वाचक सव्वीस होते, त्यात एक मी, आणि मी नाइलाजाने. हे आकडे रोंडाने कुणाला सांगितले नाहीत. पण जानेवारीत तिला काय अवदसा आठवली कोण जाणे, तिने ती गोष्ट मार्लिसलाच पाठवली. मी विचारलं तर म्हणाली, "त्या माझ्या बाई होत्या ना."

बाईंनी पुढच्या बैठकीत निकाल लावला.

"आपल्या रोंडाने एक प्रयत्न केला आहे," मार्लिसने चष्मा नाकावर चढवला. "मी एकच वाक्य वाचते. 'त्याच्या नखांत इंजिन राहिलंच होतं.' नखांत इंजिन! रोंडा, बोटीचं इंजिन केवढं असतं, पाहिलंयस का कधी?"

तिघीचौघी हसल्या. रोंडाही हसली, हेच मला सहन झालं नाही.

"ज्याच्या अंगाला ग्रीसचा वास येतो त्याच्यावर कॅप्टन प्रेम करत नसते," मार्लिस पुढे म्हणाली. "आणि गोष्टीत घडतं काय? जेवतात! सगळा वेळ जेवतात. याला मी स्वयंपाकघरातलं लिखाण म्हणते. वाईट वाटून घेऊ नकोस. ज्याचा त्याचा वकूब असतो."

"मला आवडेल ती गोष्ट," गॉर्डन वडी चावत म्हणाला. "जेवणं हेही घडणंच आहे."

"तुझ्या बाबतीत तेवढंच घडतं, गॉर्डन."

पुन्हा हशा. मी हसले नाही. पण तोंडही उघडलं नाही. ती गोष्ट चांगली आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं आणि मी माझ्या पेन्सिलीचं टोक न्याहाळत बसले. त्याच आठवड्यात रोंडाने संकेतस्थळावरून गोष्ट काढून टाकली.

मार्चमध्ये गटात एकदम धांदल उडाली. मालिकेच्या लेखकांपैकी एक, पेट्रा लिंडाल, इथून जवळच लहानाची मोठी झालेली. ती आईला भेटायला येणार होती आणि ग्रंथालयाने तिला एका शनिवारी दुपारी बोलावलं. सरहद्दीपलीकडून थंडर बे गावचा चाहत्यांचा गटही येणार. प्रत्येक गटाने आपली एक गोष्ट वाचायची, दहा मिनिटं. आमच्याकडून कोण वाचणार हा प्रश्न मार्लिसनेच विचारला आणि तिनेच उत्तर दिलं.

त्या गुरुवारी तिने मला काहीच तपासायला पाठवलं नाही. मला वाटलं, चौऱ्याण्णव प्रकरणांनंतर बाईला स्वल्पविराम कळला.

शनिवारी वरच्या दालनात शंभरेक खुर्च्या मांडल्या होत्या. पेट्रा लिंडालला बघून निम्म्या लोकांचा विरस झाला. चमकदमक काही नाही; बारीक चणीची, गळ्यात मफलर, नाक शिंकरून लाल झालेलं. थंडर बेचे आठजण एकसारखे स्वेटर घालून आले होते, छातीवर मेकॅनिकच्या पान्याचं चित्र. म्हणजे सगळे कोलचे. मार्लिसने त्यांच्याकडे, शाळेच्या भिंतीवर कुणी घाण लिहिलं असावं तसं बघितलं, आणि निळ्या सूटमध्ये ताठ होऊन मंचावर गेली. गोष्टीचं नाव तिने सांगितलं: 'शुक्रवार'. आणि वाचायला लागली.

"'चर्चच्या तळघरात मासळी तळल्याचा वास जिन्यावरच भेटला. नोराने ताटली घेतली. टोबायस तिच्या मागे उभा राहिला...'"

माझ्या शेजारी रोंडा बसली होती, मांडीवर डबा. झाकणाशी चाळा करणारं तिचं बोट थांबलं. मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती. जी गोष्ट स्वयंपाकघरातली होती, जिच्यात नुसतं जेवतात, ती गोष्ट बाई मंचावरून वाचत होत्या. फक्त माणूस बदलला होता. कोल जाऊन डॉक्टर आला होता. आयत्या पिठावर रेघोट्या मारणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण ते निदान रेघोट्या तरी स्वतःच्या मारतात.

"'टोबायसने हात घासून घासून धुतले होते, तरी त्याच्या नखांत इंजिन राहिलंच होतं.'"

थंडर बेच्या रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, "डॉक्टरच्या नखांत इंजिन? ऑपरेशन कुणाचं केलं, ट्रॅक्टरचं?"

लोक हसले. मार्लिसने, यांना या वाक्यावर हसायला काय झालं, असा चेहरा केला. जानेवारीत ती स्वतः त्याच वाक्यावर हसली होती हे ती बहुधा विसरली असावी. चोरीच्या मालावर माणसाचं प्रेम लवकर बसतं. ती आवाज चढवून पुढे वाचू लागली.

"'नोराने न विचारता आपल्या ताटलीतला टोबायसस्लॉ त्याच्या ताटलीत लोटला.'"

ऐकणाऱ्यांना वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही.

"'टोबायसस्लॉ तिला लहानपणापासून आवडत नसे. पण टोबायसला टोबायसस्लॉ...'"

इथे तिची जीभ अडखळली. पण उपमुख्याध्यापिका मागे फिरत नाहीत. पुढच्याच ओळीत वाढणारी म्हातारी होती.

"'"आणखी थोडा टोबायसस्लॉ वाढू का?" तिने विचारलं.'"

मग जे हसणं फुटलं ते आवरेना. पान्याच्या स्वेटरवाले एकमेकांच्या अंगावर पडत होते. झालं होतं ते असं: बाईंनी संगणकाला हुकूम दिला, 'कोल' दिसेल तिथे 'टोबायस' घाल. संगणक आज्ञाधारक विद्यार्थी. त्याने कोलस्लॉमधला कोलही सोडला नाही.

"मार्लिस, टोबायसस्लॉ म्हणजे काय गं?" गॉर्डनने मागून अगदी मनापासून विचारलं. "डॉक्टरची कोशिंबीर?"

"तो... तो इथला स्थानिक पदार्थ आहे," मार्लिस म्हणाली.

"इथला? आम्ही सगळे इथलेच आहोत!" कुणीतरी ओरडलं.

पेट्रा लिंडाल हसत नव्हती. ती रुमाल हातात तसाच धरून पुढे वाकली होती. "थांबा जरा," ती म्हणाली. "ही बाटलीची आणि म्हातारीची गोष्ट कुणी लिहिलीय?"

"मी," मार्लिस म्हणाली. मग शंभर तोंडांकडे बघून तिने थोडी वाटणी केली. "म्हणजे आमच्या गटात तयार झाली. माझ्या मार्गदर्शनाखाली."

रोंडा उठून उभी राहिली. मांडीवरचा डबा तिने माझ्या मांडीवर ठेवला.

"मिसेस ओस्टबी," ती म्हणाली, "तिथं कोलस्लॉ आहे."

"रोंडा, बस खाली."

"मी कोलस्लॉ लिहिलं होतं. आणि बाकी सगळीकडे कोल." तिच्या आवाजात राग नव्हता. वहीत चूक दाखवावी तशी ती बोलली. "तुम्ही तो काढलात, म्हणून असं झालं."

मग माझे गुडघे, दोन्ही नवे, आपणहून सरळ झाले.

"ही गोष्ट मी नोव्हेंबरात वाचलीय," मी म्हणाले. "रोंडाच्या हातून घेऊन. तेव्हा तिच्यात कोल होता आणि दोन स्वल्पविराम जास्त होते. बाई वाचताना दोन्ही ठिकाणी थांबल्या. जानेवारीत रोंडाने जुनीच प्रत पाठवली असणार. म्हणजे स्वल्पविरामसुद्धा उचललेत."

मी ती संधी चाळीस वर्षं शोधत असल्यासारखी उभी होते, आणि खरं सांगते, मला मजा आली. रोंडा मंचाकडे गेली, मार्लिसच्या हातातली पानं तिने काढून घेतली, नीट जुळवली, आणि परत येऊन माझ्याजवळ बसली. पेट्राने तिला दोनदा विनवलं, की तुम्ही स्वतः वाचा. रोंडा म्हणाली, "नको. आज नाही." आणि डबा परत मांडीवर घेतला.

नंतर प्रश्न विचारायची वेळ आली. इतकं होऊनही पहिला प्रश्न तोच: नोराचं कुणाशी जमणार?

पेट्राने नाक पुसलं. "सोमवारी जाहीर होणारच आहे, तर सांगते. कुणाशीच नाही. नोराचं काम करणारी दुसऱ्या मालिकेत गेलीय. सहाव्या वर्षी नोराची अलास्काला बदली होते."

"आणि तो कोटाचा प्रसंग?" गॉर्डन उठून उभा राहिला. "तिने मान वळवली होती!"

"कोटाचा? त्या दिवशी सेटवरचा हीटर बंद पडला होता. ती गारठली होती, आणि हीटर आला का ते बघत होती."

गॉर्डन मटकन खाली बसला. म्हणजे पाच वर्षांच्या त्या रणात कोटाबद्दल मार्लिसचं म्हणणंच खरं निघालं होतं, आणि ते ऐकायला मार्लिस दालनात नव्हती. मागच्या दाराने ती केव्हाच गेली होती.

मला वाटलं, आता ती तोंड दाखवणार नाही. कसचं काय! पुढच्या शनिवारी अकराच्या ठोक्याला ती खोलीत हजर, हातात छापील विषयपत्रिका. पहिला विषय: गटातील शिस्त.

"पाहुण्यांसमोर आपल्याच माणसाचा अपमान," ती म्हणाली. "हे मी खपवून घेणार नाही. आणि चोरी चोरी काय चाललंय? कोल रोंडाचा होता का? नोरा तिची होती? सगळी पात्रं मालिकावाल्यांची. उसन्याचं उसनं घेतलं, त्यात चोर कोण?"

"माणसं उसनी होती," मी म्हणाले. "नखांतलं इंजिन तिचं होतं. सॉसची बाटली तिची होती. तुला त्यातलं एक तरी सुचलं असतं का, चौऱ्याण्णव प्रकरणांत?"

"अर्डिस, हात वर करून बोल."

रोंडाला सहा महिने बैठकीला बंदी करावी, असा ठराव तिने मांडला. रोंडा आलेलीच नव्हती. चार हात वर गेले. एका बाईने तर वर केलेल्या हाताने डोळे पुसले. तिला नोराच्या बदलीचं रडू येत होतं, रोंडाशी तिचा संबंधच नव्हता. खोली मार्लिसच्या नावावर होती, भांडण अंगावर कोण घेणार? नोराने एका वादळात चार खलाशांसाठी बोट घातली तेव्हा याच बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी कोट घातला. गॉर्डनने टेबलाकडे बघितलं, तिथे त्या दिवशी लिंबाच्या वड्या नव्हत्या, आणि तोही माझ्यामागून निघाला.

मंगळवारी दुपारी, मुलांची जेवणं उरकल्यावर, मी पूल ओलांडून रोंडाच्या शाळेत गेले. ती रबरी हातमोजे घालून मोठाली पातेली घासत होती. मी तिला बैठकीतलं सगळं सांगितलं. मार्लिसची नक्कल केली, हात वर करणाऱ्यांची केली. मला वाटत होतं ती हसेल.

"त्यांनी घेतली याचं मला तेवढं नाही वाटलं," ती पातेल्यात बघतच म्हणाली. "म्हणजे घेण्यासारखं काहीतरी होतं त्यात, असं वाटलं. चार महिने मला वाटत होतं, काहीच नव्हतं."

"मार्लिस जे बोलली त्यावरून?"

"मिसेस ओस्टबी माझ्याशी नेहमीच तसं बोलतात. मी त्यांचं धरत नाही." तिने पाणी बंद केलं. "तुमचं धरलं होतं. तुम्हाला कळतं ना. तुम्ही दोन स्वल्पविराम म्हणालात आणि गप्प बसलात. मी आठवडाभर वाट बघितली, की तुम्ही अजून काही म्हणाल."

इतकी वर्षं मी मार्लिसला, गॉर्डनला, नोरासाठी रडणाऱ्या बायकांना मनातल्या मनात ओरबाडत होते आणि स्वतःला न्यायाधीश समजत होते. त्या खोलीत चांगलं काय ते ओळखणारी मी एकटी होते, आणि ते ओळखून मी केलं काय, तर खिशात घालून बसले. मार्लिसने निदान ती गोष्ट शंभर माणसांना ऐकवली.

"ती चांगली होती," मी म्हणाले. "फार चांगली होती. माझं सूप गार झालं."

"हं," रोंडा म्हणाली. तिने मला एक फडकं दिलं आणि आम्ही पातेली पुसली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

मे महिन्यात तिने टपालाने एक गोष्ट पाठवली. तिच्यात नोरा नव्हती, सरोवर नव्हतं, कुणी कुणाला वाचवत नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या दोन बायका आणि फ्रीजर बंद पडलेला एक दिवस, एवढंच. सोबत दोन ओळींची चिठ्ठी: संकेतस्थळावर टाकणार नाही, एका मासिकाला पाठवायची आहे, आधी तुम्ही बघा. मी पेन्सिल न घेता वाचली आणि लगेच फोन लावला.

"चांगली आहे," मी म्हणाले.

"कुठलं वाक्य?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"नुसतं चांगली काय? कुठलं वाक्य, ते सांगा. आणि का चांगलं तेही."

एखाद्या वाक्यात काय चुकलंय हे मी झोपेतही सांगेन. काय साधलंय हे सांगायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. मी खुर्ची ओढली, पहिलं पान पुन्हा समोर घेतलं आणि चाचपडत सुरुवात केली. पंचवीस मिनिटं लागली. ती मधे एकदाही "बरं बरं, कळलं" म्हणाली नाही. शेवटच्या पानावर पोचले, तर म्हणाली, "त्या फ्रीजरच्या दाराबद्दल जे म्हणालात, ते परत सांगा."